पुळणीवरची मर्यादवेल: ओळख, जागा आणि लागवड

प्रश्न थोडक्यात असा. कोकणातल्या एका पुळणीला लागून माडांची वाडी आहे. वाळूवर जाड, टोकाला दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची वेल पसरली आहे. ती बेशरमचीच एखादी जात आहे का आणि उद्या वाडीत शिरेल का, हे प्रश्नकर्त्याला जाणून घ्यायचे आहे. तिचे तुकडे वाडीच्या कुंपणाशी लावून पाहिले, पाला भरपूर आला, फूल मात्र नाही. बी गोळा करून पाण्यात टाकले तर सगळेच तरंगले, म्हणून पोचट समजून फेकून दिले. आणि शेवटी: पुळण दर पावसाळ्यात खचते आहे, ही वेल लावून ती थांबेल का?

प्रश्न चार दिसतात, पण सगळ्यांच्या तळाशी एकच गोष्ट आहे. ही वेल किती ऊन, किती खार आणि किती हलती वाळू मागते, ते कळले की बाकीची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात. म्हणून ओळख आधी उरकतो आणि जागेवर जास्त बोलतो.

वर्णनावरून ही मर्यादवेल आहे, आयपोमिया पेस-काप्री. लिनियसने १७५३ मध्ये तिची नोंद कॉन्व्हॉल्व्ह्युलस या वंशात केली होती, रॉबर्ट ब्राऊनने १८१८ मध्ये ती आयपोमियात आणली. रताळे, नाळीची भाजी, गणेशवेल आणि बेशरम ही सगळी याच वंशातली, त्यामुळे फुलाचा घाट सारखा दिसणारच. पण या वंशात नुसत्या फुलावरून जात ठरवू नये. नरसाळ्याच्या आकाराचे गुलाबी-जांभळे फूल कितीतरी जातींना येते आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत सगळी एकसारखी दिसतात. फोटो काढायचाच तर पान, देठाचे टोक, खोडाचा पेर आणि फळ यांचे काढा. फूल त्यानंतर.

पान ३ ते १० सेंटीमीटर लांब आणि जवळजवळ तेवढेच रुंद असते. जाड, चिवट, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, लव अजिबात नाही. टोकाला खाच असते आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच्या झाडांत ती बरीच खोल जाते, इतकी की पान आपट्याचे वाटावे. अटलांटिक आणि पॅसिफिककडच्या झाडांत खाच उथळ असते. म्हणून तिकडचे छायाचित्र आपल्या वेलीशी जुळले नाही तर लगेच वेगळी जात मानायची गरज नाही. एकाच वेलीवरही कोवळ्या आणि जून पानांच्या खाचेत फरक दिसतो. देठ पात्याला जिथे मिळतो तिथे खालच्या बाजूने भिंगातून पाहा: दोन बारीक ग्रंथी दिसतील. त्यांतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यासाठी येतात. पानावर मुंग्या दिसल्या म्हणून मावा समजून फवारणी करणारे लोक आहेत. इथे ती करू नका. मुंग्यांच्या वावरामुळे पाने आणि बी खाणाऱ्या किड्यांना उलट थोडा आळा बसतो.

खोड जमिनीवर लोळते, आधाराला क्वचितच गुंडाळते. अनुकूल जागी एकेक धावती फांदी १० मीटरच्याही पुढे जाते. पेरापेराला मुळे फुटतात आणि त्याशिवाय मूळ जागी एक जाड, खोल सोटमूळ असते. कुठेही मोडले की पांढरा चीक येतो. फूल ४ ते ५ सेंटीमीटर, जांभळट-गुलाबी, घशाशी गडद. पहाटे उमलते आणि दुपारच्या सुमारास मिटून जाते, म्हणून संध्याकाळी फिरायला जाणाऱ्याला ही वेल फुलतच नाही असे वाटते. फळ गोल, सव्वा ते दीड सेंटीमीटरचे. वाळले की चार भागांत उकलते आणि आत सहसा चार काळपट बिया असतात, त्यांवर तपकिरी मखमली लव.

आता बेशरम. आयपोमिया कार्निया हे उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेले झुडूप आहे. ते उभे वाढते, काठी आतून पोकळ असते, पान हृदयाकृती आणि टोकदार, खाच नाही. बियांवर लांब रेशमी केस असतात. ते तळ्याकाठी, नाल्यात, पाणथळ गाळात माजते आणि शेळ्यामेंढ्यांना विषारी आहे. मर्यादवेलीला नेमकी तीच जागा, म्हणजे साचलेले पाणी आणि गाळ, मानवत नाही. त्यामुळे दोघींना एकाच पारड्यात टाकू नका. गोंधळ खरा होतो तो आणखी दोघींशी. किनाऱ्यावरच वाढणारी आयपोमिया इम्पेराटी ही पांढऱ्या फुलांची, पिवळ्या घशाची जात आहे. तिची पाने लहान आणि आकाराला फार अस्थिर असतात, खोड बरेचदा वाळूखालीच पळते. दुसरी अबईच्या वंशातली किनारी वेल, कॅनाव्हालिया रोझिया. तिचीही फुले गुलाबी-जांभळी आणि तीही वाळूवरच पसरते, पण तिचे पान तीन पर्णिकांचे, फूल वाल-चवळीच्या घाटाचे आणि फळ म्हणजे सरळ शेंग. कुंपणावर चढलेली पाच बोटांच्या पानांची जांभळी वेल असेल तर ती गारवेल, आयपोमिया कैरिका. तिचा वाळूशी संबंध नाही.

ओळख एवढीच. आता जागा.

पुळणीवर समुद्राकडून जमिनीकडे चालत या. ओल्या वाळूत काही नाही. मग रोजच्या भरतीचा कचरा जिथे अडकतो ती रेघ. त्यावर उधाणाच्या भरतीची रेघ. मर्यादवेल या दुसऱ्या रेघेच्या वर सुरू होते. तिच्या धावत्या फांद्या शांत दिवसांत खाली उतरतात आणि पुढच्या उधाणाला मार खाऊन तुटतात, हे चक्र चालूच राहते. तिच्याबरोबर त्या पट्ट्यात स्पिनिफेक्स हे टोकदार पात्यांचे गवत असते, ज्याचे गोल काटेरी तुरे वाऱ्यावर घरंगळत जातात. मागे वाळू जरा स्थिरावली की निर्गुंडीची झुडपे, केतकी, मग उंडी, करंज आणि वाडी. हा क्रम बहुतेक उष्ण किनाऱ्यांवर इतका ठरलेला आहे की शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये आशियातल्या किनारी वनस्पतींवर लिहिताना वाळूवरच्या या पहिल्या पट्ट्याला याच वेलीचे नाव दिले.

या पट्ट्यात जगणे सोपे नाही. दुपारी वाळूचा वरचा थर भाजून काढतो, पोषणद्रव्ये जवळजवळ नसतात, वारा वाळूचे कण पानांवर मारत राहतो आणि लाटांचे तुषार खार आणून टाकतात. वेलीची बांधणी याच अडचणींना धरून आहे. पान जाड आणि मेणचट. कडक उन्हात त्याचे दोन भाग मधल्या शिरेवर अर्धवट मिटतात, त्यामुळे ऊन थेट कमी पडते. वाळू अंगावर आली की वेल दबत नाही. शेंडा वर काढते आणि पुरलेल्या पेरांतून नवी मुळे सोडते, म्हणजे वाळूत पुरले जाणे हेच तिच्या विस्ताराचे साधन आहे. पानांमुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो, त्याच्या अंगावरची वाळू तिथेच पडते, वेल तिच्यावरून पुन्हा चढते. असे करत करत लहान उंचवटे तयार होतात.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. तिला खार सोसतो, पण खार लागत नाही. वाळूच्या उंचवट्याखाली पावसाचे मुरलेले गोडे पाणी असते आणि मुळे त्या ओलीवर जगतात. एखाद्या उधाणाला खारे पाणी वरून फिरून गेले तर वेल तगते, मात्र मुळे खाऱ्या पाण्यात कायम बुडाली तर कुजतात. म्हणूनच ती खाडीच्या चिखलात, तिवरांच्या शेजारी मिळत नाही, जरी ती जागाही खारीच असली तरी. आणि म्हणूनच ती तुमच्या वाडीत, गोड्या पाण्यावर, मेली नाही.

मग तिथे फूल का नाही? बहुतेक शक्यता सावलीची. ही पूर्ण उघड्यावरची वेल आहे. माडाखाली किंवा सुरूच्या बनात तिला ऊन तुटपुंजे मिळते. तिथे पेरे लांबतात, पाने मोठी पण पातळ होतात, फुले विरळ होतात किंवा येतच नाहीत. सुरूखाली तर सुयांचा थर साचतो आणि वाळूची हालचाल थांबते, तिथून ती हळूहळू हद्दपार होते. दुसरे कारण खत. वाडीत शेण, पालापाचोळा, माडाला दिलेले नत्र हे सगळे तिला पोचते आणि ती पाल्यात खर्च करते. नेमके कोणते कारण, हे जागा न पाहता सांगता येणार नाही, पण तपासायला सोपे आहे: एक फांदी वाडीबाहेर दिवसभर उन्हात असलेल्या वाळूकडे वळवा, तीन-चार पेरे वाळूत दाबा, खत-पाणी काही देऊ नका. त्या टोकाला फुले आली आणि सावलीतल्या भागाला नाही, तर उत्तर मिळाले. ज्यांना ती कुंडीत हवी आहे त्यांनी जाड वाळू तीन भाग आणि माती एक भाग असे मिश्रण, तळाला मोठी भोके आणि दिवसभर ऊन ठेवावे. चिकण मातीत मूळ कुजते, पाने पिवळी पडून गळतात आणि लोक पाणी कमी पडले समजून आणखी घालतात.

इथपर्यंतचा सारांश असा धरा: वेल मर्यादवेल आहे, बेशरम नाही. उघडे ऊन आणि निचऱ्याची, हलणारी वाळू ही तिची गरज आहे, आणि खार ही तिची गरज नसून तिने सोसलेली गोष्ट आहे.

बियांकडे येऊ. धान्य-कडधान्याला लागू पडणारा नियम, म्हणजे तरंगते ते पोचट, इथे चालत नाही. या बीमध्ये हवेची पोकळी असते आणि ते चांगले असले तरी तरंगते. समुद्राच्या पाण्यावर ते महिनोन्‌महिने तरंगून दुसऱ्या किनाऱ्याला लागते आणि तरीही जिवंत असते. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर ही एकच जात पसरलेली आहे त्याचे मुख्य कारण हेच. तेव्हा तुम्ही टाकून दिलेले बी बहुधा चांगले होते. खराब बी ओळखायचे ते भोकावरून. बीभुंगेऱ्यांची अळी आत राहून बी पोखरते आणि बाहेर पडताना गोल छिद्र ठेवते. तसे बी आणि बोटात दाबल्यावर चेपणारे बी वेगळे काढा.

चांगले बीही पेरल्याबरोबर रुजत नाही, कारण कवच पाणी आत शिरू देत नाही. निसर्गात वाळूच्या घासण्याने आणि उन्हा-पावसाने ते हळूहळू सैल होते. घरी करायचे तर बीची नाभी, म्हणजे फळाला चिकटलेली खूण, ओळखून तिच्या विरुद्ध बाजूला जाड पॉलिश पेपरवर किंवा कानशीवर घासा. काळे कवच जाऊन फिकट रंग दिसला की थांबा, त्याहून खोल गेलात तर आतला गर दुखावतो आणि बी बुरशीने जाते. मग साध्या गोड्या पाण्यात १२ ते २४ तास भिजवा. फुगलेले बी स्पष्ट मोठे दिसते. जे फुगले नाही ते पुन्हा थोडे घासून पुन्हा भिजत घाला. भिजवायला समुद्राचे पाणी वापरू नका. तिथलीच वेल आहे म्हणून तेच पाणी चांगले, हा तर्क चुकतो, खारेपणाने रुजवण दबते. किनाऱ्यावरही ती पावसाने वरची वाळू धुतल्यावरच नीट रुजते. फुगलेले बी जाड वाळूत दीड-दोन सेंटीमीटर खोल पेरा. रोपाची पहिली दोन बीजपत्रे इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल दुभंगलेली असतात. तण समजून उपटू नका.

तरी लावायची असेल तर मी बीपेक्षा तुकडेच सुचवेन. ३० ते ४५ सेंटीमीटरची, चार ते सहा पेरांची शेंड्याकडची फांदी घ्या. समुद्राकडच्या तोंडावरून कापू नका, तिथली वेल वाळू धरून असते. मागच्या बाजूच्या, गर्दी झालेल्या फांद्या घ्या. खालची पाने काढा, तुकडे ओल्या गोणपाटात सावलीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा. वरची कोरडी वाळू बाजूला सारून ओल लागेपर्यंत खणा, दोन-तीन पेरे तिरकी ठेवून ८ ते १० सेंटीमीटर वाळूखाली दाबा, शेंडा वर. ओळी दोन किंवा तीन, एकीच्या जागा दुसरीच्या फटींसमोर येतील अशा, अंतर सुमारे एक मीटर. सगळ्यात जास्त तुकडे मरतात ते कोरड्या वाळूत उथळ खोचल्यामुळे. वरून पाणी घालूनही ते वाचत नाहीत, कारण पाणी क्षणात खाली जाते आणि पेर मात्र तापलेल्या थरातच राहते.

आणखी एक चूक फार होते: एकाच वेलीचे शंभर तुकडे. या जातीत स्वतःच्या परागाने फळ सहसा धरत नाही. भुंगे आणि मधमाश्यांनी दुसऱ्या वेलीचा पराग आणावा लागतो. एकाच वेलीपासून केलेला सगळा पट्टा फुलतो, पण फळे धरत नाही. म्हणून तुकडे त्याच पुळणीवरच्या, एकमेकांपासून लांब पसरलेल्या निदान चार-पाच वेगळ्या वेलींवरून मिसळून घ्या.

केव्हा लावायचे, हे जागेवर अवलंबून आहे. कोकणात जून ते ऑगस्ट लाटा पुळण खातात आणि पावसाळा सरल्यावर वाळू परत येऊ लागते. लावायची जागा पावसाळी लाटांच्या टप्प्याबाहेर असेल तर पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा, चार महिने ओल मिळते. टप्प्यात असेल तर जूनमधली लागवड जुलैत वाहून जाईल. तिथे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पाऊस अजून आहे पण समुद्र उतरला आहे, ही वेळ धरावी. टप्पा कुठवर आहे हे गेल्या पावसाळ्यात कापलेल्या वाळूच्या उभ्या कड्यावरून कळते.

आता पुळण खचण्याचे. वेल वाऱ्याने उडणारी वाळू धरते. लाटांनी कापली जाणारी वाळू ती धरू शकत नाही. मोठ्या उधाणात कडा कोसळतो आणि फांद्या दोरखंडासारख्या लोंबत राहतात. हे अपयश नव्हे. पावसाळ्यानंतर वाळू परत येते तेव्हा त्याच लोंबत्या फांद्या पुन्हा पेरांतून मुळे सोडतात आणि आलेली वाळू साठवायला लागतात. म्हणजे तिचा उपयोग आहे तो नुकसान भरून काढण्यात. त्यामुळे आधी हे पाहा की तुमची पुळण हिवाळ्यात परत भरते का. दर फेब्रुवारीत एकाच ठरलेल्या माडापासून उधाणाच्या रेघेपर्यंतचे अंतर टेपने मोजून ठेवा. दोन-तीन वर्षे ते साधारण तेवढेच राहिले तर वेल लावण्यात अर्थ आहे. ते सतत घटत असेल तर वाळू येण्याचा मार्गच कुठेतरी अडला आहे. शेजारी नवीन जेटी किंवा दगडी बंधारा झाला का, वाळूउपसा चालतो का, खाडीचे मुख सरकले का, ते बघावे लागेल. त्या दुखण्यावर कुठलीही वेल औषध नाही. किनारा वाचवायला घातलेल्या दगडी बंधाऱ्यासमोर तर तिला जागाच उरत नाही, कारण लाट बंधाऱ्यावर आपटून पुढची वाळू ओढून नेते.

असलेली वेल राखणे हे लावण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे काम आहे. गाडीचे चाक एकाच वाटेने पाच-सहा वेळा गेले की पेरे चिरडतात आणि तिथून वाळू उघडी पडते. स्वच्छतेच्या नावाखाली ट्रॅक्टरने पुळण खरवडणे त्याहून वाईट. प्लास्टिक हाताने वेचा. वाळकी पाने, समुद्राने आणलेला पाला आणि काटक्या राहू द्या, त्यांच्या आडोशालाच बी अडकते. पायवाट हवीच असेल तर एकच ठरवा आणि ती समुद्राकडच्या वाऱ्याला तिरकी काढा, सरळ काढली तर वारा तिथूनच वाळू आत आणतो.

वाडीत ती शिरेल का? उन्हाच्या कडेला काही मीटर येईल, माडांच्या सावलीत फार पुढे जाणार नाही. काढायची तर फेब्रुवारी ते मे दरम्यान काढा. फांद्या उचलून गुंडाळा, आतल्या मुळांना झटका द्या आणि गुंडाळी फरशीवर किंवा दगडावर उन्हात वाळवा. पावसात छाटणी केली तर पडलेला प्रत्येक तुकडा नवे झाड होतो. तणनाशकाची गरज नाही. नाळीची भाजी याच वंशातली म्हणून हिची पाने कोणी खाऊन पाहू नयेत. या कुळातल्या वेलींच्या चिकात रेचक राळ असते.

शेवटी एक अट. तुमच्या पुळणीवर कासवे येत असतील तर लावण्याआधी थांबा. कोकणात ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येते आणि तिला उघडी वाळू लागते. दाट वेलीची मुळे घरट्यात शिरू शकतात, फांद्यांच्या जाळीत पिल्ले अडकतात. अशा ठिकाणी विणीचा पट्टा मोकळा ठेवून वेल त्याच्या मागेच ठेवावी आणि पुळणीवरच्या कासवमित्रांना विचारून रेघ आखावी. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील, म्हणजे सीआरझेड १-अ या वर्गात आहेत. वाडीच्या हद्दीबाहेर कुंपण, भराव किंवा सपाटीकरण करायचे असेल तर ग्रामपंचायत आणि वन विभागाकडे आधी लेखी विचारा.